मुका झालेला फोन फेकू नका!

घरात एकच फोन असावा, तोही जुना, बटणाचा, आणि एके दिवशी तो मुका व्हावा. ज्यांच्या घरी चार फोन आहेत त्यांना याचे दुःख कळायचे नाही. फोन वाजतो, आपण उचलतो, पण पलीकडचे बोलणे ऐकू येत नाही. कित्येकदा आपले ‘हॅलो, हॅलो’सुद्धा तिकडे पोचत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात मात्र इयरफोनचे छोटे चित्र दिसत असते. इयरफोन तर लावलेलाच नाही! घरातले म्हणतात, फोन गेला. दुकानदार म्हणतो, बोर्ड गेला, नवाच घ्या. पुष्कळ वेळा या दोन्ही गोष्टी खऱ्या नसतात. दोष असतो तो इयरफोनची पिन घालायच्या भोकात, म्हणजे जॅकमध्ये. आणि तो जॅकही दर वेळी मोडलेला असतो असे नाही. तो नुसता कचऱ्याने भरलेला असतो.

या एवढ्याशा भोकावर आम्ही पानभर का लिहितो आहोत, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या (२०२३ पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या) घरांत आहे. भूम, वाशी, कळंब, परंडा या तालुक्यांतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या जोड्या निघतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर जातात, कोणी कर्नाटकात. लेकरे आजीपाशी राहतात. दिवसभर फड तोडून, गाडी भरून झाल्यावर रात्री कोपीवरून आईचा फोन येतो. त्या पाच मिनिटांसाठी लेकरे जागी असतात. आजीच्या हातातला फोन मुका झाला तर नातवाला ताप आहे हे आईला कळत नाही, आणि आईच्या हाताला कोयता लागला हे घरी कळत नाही. मग आजी दुसऱ्याच्या दारात जाऊन, ‘जरा एक फोन लावून देता का’, म्हणून विनवत बसते. बरे, नवा फोन घ्यायचा तर उचल केव्हाच खर्चून झालेली असते.

दुसरे कारण शिकणाऱ्या पोरांचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या आणि अभ्यास फोनवर आला. तेव्हापासून तो पुरता परत गेलाच नाही. पोलीस भरतीची, तलाठ्याची, नर्सिंगची तयारी करणारी मुले-मुली आजही व्याख्याने फोनवरच ऐकतात. दहा बाय बाराच्या खोलीत आजोबांचा खोकला चालू, शेगडीवर फोडणी तडतडते आहे, शेजारी टीव्ही लागलेला. अशा घरात शिकणाऱ्या मुलीला स्वतंत्र खोली कोण देणार? कानात घातलेला इयरफोन हीच तिची खोली! जॅक गेला की त्या खोलीचे दार मोडते.

भोकाच्या आत काय असते?

पिन म्हणजे इयरफोनच्या वायरीचे धातूचे टोक, आणि जॅक म्हणजे ती जिथे शिरते ते भोक. हे नीट ध्यानात ठेवावे, कारण दुकानात दोन्हींचा घोळ होतो आणि जॅकचे पैसे देऊन माणूस नुसती पिन बदलून घरी येतो.

ही जोडी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बायका ओळीने बसून एकाची तार दुसऱ्याच्या भोकात खुपसून लोकांचे बोलणे जोडून देत, तिथली ही पिन. ती चांगली सव्वासहा मिलिमीटर जाड होती. पुढे खिशातले ट्रान्झिस्टर आले आणि पिन बारीक होऊन साडेतीन मिलिमीटरवर आली. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनी कंपनीने पहिला वॉकमन बाजारात आणला. त्याला एक नव्हे, दोन जॅक होते. एकट्यानेच कानात घालून बसणे बरे दिसत नाही, दोघांनी मिळून ऐकावे, असा विचार त्यामागे होता. पुढे वॉकमनच्या नकला खेड्यापाड्यांत पोचल्या आणि वामनदादा कर्डक, प्रल्हाद शिंदे यांच्या कॅसेटी त्यात फिरू लागल्या. पुढे कॅसेट गेली, मेमरी कार्ड आले, तरी भोक साडेतीन मिलिमीटरचेच राहिले. २०१६ साली अ‍ॅपल कंपनीने आपल्या फोनमधून ते काढून टाकले, मग महागड्या फोनांतून ते एकेक करून गेले. आपल्याकडच्या साध्या फोनांत मात्र ते टिकून आहे. २०१७ साली दीड हजार रुपयांच्या अनामतीवर मिळालेला जिओफोन अजून कित्येक घरांत आहे, त्यालाही ते आहेच.

आता आतले काम. भोकात बारीक पितळी पत्त्या बसवलेल्या असतात. पिन आत गेली की एकेक पत्ती पिनेच्या एकेका भागाला टेकते. टोकाला डावा कान, त्यामागच्या कड्याला उजवा कान. पिनेवर काळ्या रेघा दिसतात ना, त्या या भागांना एकमेकांपासून वेगळे ठेवतात. दोन रेघा असतील तर नुसता ऐकण्याचा इयरफोन, तीन रेघा असतील तर त्याला बोलण्याचा माईकही आहे.

याखेरीज एक पत्ती चौकीदाराचे काम करते. पिन आत आली की ती सरकते आणि फोनला कळवते, ‘पाहुणा आला, आता आवाज त्याच्याकडे सोड.’ पिन बाहेर आली की पत्ती मागे यायला हवी. ती कचऱ्यामुळे अडकून राहिली, किंवा पाण्याने गंजून खोटाच निरोप देऊ लागली, की फोनला वाटते इयरफोन लावलेलाच आहे. तो सगळा आवाज तिकडे सोडतो आणि बाहेरचा स्पीकर गप्प. फोन मुका होतो तो असा! जुन्या ट्रान्झिस्टरमध्ये तर ही गोष्ट आणखी सरळ आहे. तिथे स्पीकरला जाणारा आवाज या पत्तीवरूनच पुढे जातो. पत्ती ढिली झाली की रेडिओ लागतो, दिवा पेटतो, पण शब्द फुटत नाही.

आधी दोषी कोण ते शोधा

जॅकला हात लावण्याआधी इयरफोन तपासा. आमच्या पाहण्यात दहांपैकी निम्म्याहून अधिक तक्रारींत जॅक बिचारा निर्दोष निघतो. वायर पिनेपाशी सारखी वाकते, आतली केसासारखी तार तुटते, वरचे रबर मात्र शाबूत दिसते. म्हणून हाच इयरफोन शेजाऱ्याच्या फोनला लावून पाहा, आणि शेजाऱ्याचा इयरफोन आपल्या फोनला. आपला इयरफोन तिकडेही एकाच कानात वाजला तर वायर गेली. शेजाऱ्याचा इयरफोन आपल्या फोनवर खरखर करू लागला तर जॅकची शंका धरावी. या पडताळ्याला एक पैसा लागत नाही, आणि दुकानात जाऊन ‘याचे काय झाले बघा’ म्हणण्याऐवजी ‘याचा जॅक गेला आहे’ असे सांगता येते. जाणत्या गिऱ्हाईकाला कारागीरही जपून वागवतो.

पिन पुरती आत जात नसेल, शेवटचा एखादा दाणाभर भाग बाहेर राहत असेल, तर आत कचरा दाबून बसला आहे हे नक्की समजावे. हा कचरा येतो कोठून? खिशातून. सदऱ्याच्या खिशातला कापसाचा भुगा, तंबाखूचा चुरा, सोयाबीनच्या मळणीची धूळ, पिठाच्या गिरणीतले पीठ. दर वेळी पिन घातली की तो आणखी खाली ठोसला जातो, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याची चक्क गोळी बनते.

ती काढायची कशी? फोन बंद करा. बॅटरी निघत असेल तर काढून ठेवा. फोन भोक खाली करून धरा, म्हणजे निघालेला कचरा परत आत जाणार नाही. लाकडी टूथपिक घ्या किंवा आगपेटीच्या काडीचे गूल काढून ती ब्लेडने तासून घ्या. काडी कडेने हलकेच फिरवून कचरा उकरून बाहेर ओढा. घाई करू नका. टाचणी, सेफ्टी पिन, सुई, केसांचा आकडा यांना अजिबात हात लावू नका, कारण पितळी पत्ती त्यांनी वाकते आणि साफसफाई करता करता खरेच मोडतोड होते. तोंडाने फुंकही मारू नये. आपल्या फुंकेत ओल असते, आणि ओल हाच पत्तीचा शत्रू. खोबरेल तेलाचा थेंब सोडणारेही आम्ही पाहिले आहेत. त्याने दोन दिवस बरे वाटते, मग त्या तेलावर धूळ चिकटून पहिल्यापेक्षा वाईट गत होते.

कचरा निघाला की चांगली पिन दहा-पंधरा वेळा आत-बाहेर करावी. अडकलेली पत्ती सुटते, वर चढलेला काळा थर घासला जातो. मग फोन चालू करा. कोपऱ्यातले इयरफोनचे चित्र गेले असेल तर काम फत्ते!

चित्र जात नसेल आणि फोन तर आत्ताच हवा असेल, तर तात्पुरती सोय सांगतो. फोन उचलल्यावर लाउडस्पीकरचे बटण दाबा. पुष्कळ फोनांत आवाज लगेच बाहेर येतो आणि बोललेलेही तिकडे जाते. त्यानेही काम झाले नाही तर माईकवाला इयरफोन खरोखरच लावून त्यावरून बोला. फोनला पाहुणाच हवा आहे ना, मग देऊन टाका! दुरुस्तीला तालुक्याला जाईपर्यंत घरच्या म्हाताऱ्या माणसांना एवढे दाखवून ठेवले तरी आईचा रात्रीचा फोन चुकत नाही.

गायक गायब, ढोलकी शाबूत

एक चमत्कारिक तक्रार पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. नवा इयरफोन आणला, गाणे लावले, तर ढोलकी वाजते, हार्मोनियम वाजते, पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, किंवा येतच नाही. जुने गाणे असेल तर जवळजवळ सगळेच लुप्त! लोक म्हणतात कार्डातले गाणे खराब भरले. गाण्याचा यात काही दोष नाही.

माईकवाल्या पिनेवर चार भाग असतात. पहिले दोन कानांचे. उरलेल्या दोनांपैकी एक माईकचा आणि एक सामाईक, म्हणजे दोन्ही कानांचा आवाज जिथून परत फिरतो तो. गंमत अशी की या शेवटच्या दोनांचा क्रम सगळ्या कंपन्यांनी सारखा ठेवला नव्हता. नोकियाच्या कित्येक जुन्या फोनांत तो एका तऱ्हेचा, आजच्या बहुतेक फोनांत दुसऱ्या तऱ्हेचा. जुन्या फोनला नवा इयरफोन लावला की सामाईक रस्ताच तुटतो. मग दोन्ही बाजूंत जे सारखे आहे ते एकमेकांना खोडून टाकते आणि फक्त फरक तेवढा ऐकू येतो. गायकाचा आवाज दोन्ही कानांत सारखा भरलेला असतो, म्हणून तोच आधी जातो. जुन्या मोनो ध्वनिमुद्रणात तर दोन्ही बाजू अगदी सारख्याच, म्हणून तिथे काहीच उरत नाही.

परीक्षा सोपी आहे. इयरफोनच्या वायरीवरचे बटण दाबून धरा. बटण दाबताच गायक परत आला, तर जॅकला काही झालेले नाही, फक्त जोडी जुळत नाही. बाजारात यासाठी छोटा जोडतुकडा मिळतो. नाहीतर माईक नसलेला, दोन रेघांचा साधा इयरफोन घ्यावा, तो दोन्ही तऱ्हेच्या फोनांवर चालतो. हेच लक्षण पिन अर्धवट बसली असली तरी दिसते. म्हणून आधी कचरा, मग जोडी, या क्रमाने पाहावे.

पाण्याचेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत परंडा, भूम भागात घरांत पाणी शिरले. असे पाणी ओसरले की लोक फोन उन्हात वाळवतात आणि पुन्हा चालू करतात. काही लगेच चालतातही. पण जॅक म्हणजे पाणी आत जायचा उघडा दरवाजा. आत राहिलेला गाळ आणि ओल पत्त्यांवर हिरवट-पांढरा थर चढवत जाते आणि दोन-चार महिन्यांनी फोन मुका होतो. तेव्हा पुराची आठवणही राहिलेली नसते. घामानेही तसेच होते. रानात काम करताना बाया फोन चोळीत किंवा कमरेच्या पिशवीत ठेवतात. त्याला आम्ही नावे ठेवणार नाही, ठेवायला दुसरी जागा तरी कुठे असते? फक्त प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवावा. हिरवा थर चढलेला जॅक घरी टूथपिकने निघायचा नाही. दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल नावाचे द्रव असते, त्यात मऊ ब्रश बुडवून पत्त्या धुतात. ते उडून जाते, मागे ओल ठेवत नाही. पेट्रोल किंवा रंगाचे थिनर वापरू देऊ नका, प्लास्टिक विरघळते.

पिनेचे टोक आत तुटून राहणे हा आणखी एक प्रकार. लेकराने फोन पाडला, पिन वाकली आणि ओढताना टोक आतच राहिले. अशा वेळी फेविक्विक लावून काडी आत घालण्याचा मोह होतो. तो आवरा! एक थेंब बाजूला सांडला की टोक, काडी आणि जॅक तिन्ही एकजीव होतात. कारागीर फोन खोलतो आणि पुष्कळ जॅकांत मागून सुई देऊन टोक पुढे ढकलता येते. दोन मिनिटांचे काम आहे, पण ते फोन उघडूनच करायचे.

डाख उडाला तर

पिन हलवली की आवाज येतो-जातो, एका विशिष्ट कोनात धरली तरच दोन्ही कान वाजतात, आणि दुसरा इयरफोन लावूनही हेच होते. असे असेल तर जॅकचे पाय आतल्या प्लेटवरून सुटले आहेत. जॅक प्लेटला डाखाने, म्हणजे सोल्डरने, चिकटवलेला असतो. फोन खिशात, पिन लावलेली आणि माणूस वाकून काम करतो आहे; दर वाकण्याला तो डाख थोडा थोडा तडकतो. शेवटी केसाएवढी भेग पडते.

कथील आणि शिसे यांचा नेहमीचा डाख साधारण १८० ते १९० अंश सेल्सिअसला वितळतो. नव्या फोनांत शिशाविना डाख असतो, त्याला आणखी उष्णता लागते. भेगेवर तापलेली सोल्डरिंगची सळई क्षणभर टेकवली आणि ताजा डाख दिला की जॅक पुन्हा जिवंत होतो. बऱ्याच वेळा नवा जॅक घालायचीही गरज पडत नाही. ट्रान्झिस्टरचा जॅक मोठा असतो, त्याचे पाय लांब असतात. ज्याच्या हाताला सोल्डरिंगची सवय आहे असा घरचा मुलगाही ते काम करू शकतो. फोनचे मात्र तसे नाही. तिथे जॅकशेजारी मोहरीएवढे भाग बसवलेले असतात. सळई जास्त वेळ टेकली तर प्लेटवरचा तांब्याचा पापुद्राच उचलला जातो, आणि मग कारागिराला बारीक तारेचा पूल बांधत बसावे लागते. फोनचे काम सराव असलेल्याकडूनच करून घ्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ट्रान्झिस्टर मुका झाला असेल आणि त्याच्या जातीचा जॅक मिळत नसेल तर आणखी एक इलाज आहे. कारागीर चौकीदार पत्तीचे दोन पाय तारेने जोडून देतो. मग इयरफोन लावला तरी स्पीकर वाजतच राहील, पण म्हाताऱ्या माणसाला त्याचे काय? त्याला बातम्या आणि गाणी ऐकू आल्याशी मतलब.

दुकानात फोन देण्यापूर्वी सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. हे आम्ही मुद्दाम बजावून सांगतो, विशेषतः माता-भगिनींना. जॅक दुरुस्त करायला सिम लागत नाही. त्याच सिमवर बँकेचा ओटीपी येतो, आणि कार्डात घरच्या मुलींचे फोटो असतात. फोनला कुलूप असेल तर ते उघडून देण्याचीही गरज नाही. आवाजाची परीक्षा आपण समोर उभे राहून, आपल्या हाताने, आपल्या इयरफोनवर करून घ्यावी.

भावही आधी विचारावा. जॅक हा सुटा भाग स्वस्त असतो. पैसे पडतात ते फोन उघडण्याचे आणि हाताच्या कसबाचे, आणि ते द्यायला कुरकुर करू नये. पण ‘बोर्ड बदलावा लागेल’ असे कोणी उघडून न पाहताच म्हणाला तर फोन उचलून दुसऱ्या दुकानात जावे. आमच्याच नात्यातल्या एका घरी असे झाले. तालुक्याच्या एका दुकानात बोर्डाचे सांगितले, आणि दुसरीकडे उघडल्यावर आतून निघाली उदबत्तीच्या काडीची तुटलेली कुसळी! बदललेला जुना भाग परत मागून घेण्याची सवय ठेवा. दुरुस्तीचा खर्च तसल्याच जुन्या फोनच्या किमतीच्या अर्ध्याहून पुढे जात असेल, तर मात्र थांबून विचार करावा.

दुरुस्ती करायचीच नसेल तरी फोन अगदी निरुपयोगी होत नाही. फोनमध्ये ब्लूटूथ असेल तर बिनवायरीचा इयरफोन किंवा छोटा स्पीकर जोडता येतो. बटणाच्या पुष्कळ फोनांतही ब्लूटूथ असते, ते लोकांना ठाऊक नसते इतकेच. एफएम रेडिओची गोष्ट वेगळी. बहुतेक जुन्या फोनांत इयरफोनची वायर हीच एरियलचे काम करते. म्हणून जॅक गेला की रेडिओही जातो, ब्लूटूथ असले तरी. आकाशवाणीचे एफएम केंद्र आपल्या जिल्ह्याच्या गावीच आहे. ते ऐकणाऱ्यांनी नवा साधा फोन घेताना ‘वायरीविना एफएम लागते का’, हे दुकानातच लावून पाहावे. काही फोनांत तशी सोय असते.

आणखी एक गोष्ट आईबापांसाठी. जॅक ढिला झाला, एकाच कानात आवाज येऊ लागला, की पोरे आवाज वाढवतात. खरखरीवर मात करायला आणखी वाढवतात. मग एकदम दुसरा कानही लागतो आणि कानात गोळी सुटल्यासारखा आवाज घुसतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा मोठ्या माणसासाठी ८० डेसिबलला आठवड्यात ४० तासांची आहे, आणि लहान मुलांसाठी ७५ डेसिबलला तेवढ्याच तासांची. आवाज जितका चढवावा तितके हे तास झपाट्याने कमी होतात. डेसिबल मोजायचे यंत्र घरात नसते. तेव्हा हात लांब करून धरलेल्या इयरफोनमधले शब्द स्पष्ट ऐकू येत असतील, तर आवाज जास्त आहे असे समजावे. अभ्यास करणाऱ्या मुलांचा जॅक लवकर नीट करून द्यावा, तो या कारणासाठीही.

हे काम शिकायची इच्छा असेल त्या मुलामुलींसाठी रस्ते आहेत. प्रत्येक जिल्ह्यात अग्रणी बँकेच्या मदतीने चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. अशा संस्थांच्या अभ्यासक्रमांत मोबाईल दुरुस्तीचे साधारण महिन्याभराचे प्रशिक्षण आहे. ते मोफत असते, राहण्या-जेवणाची सोयही असते. पुढची तुकडी केव्हा, हे तिथे जाऊन किंवा आपल्या बँकेच्या शाखेत विचारावे. दहावी झालेल्यांना आयटीआयमधला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. सळई धरायला दंडात ताकद लागत नाही, नजर आणि सबूर लागते. शिवणाच्या मशीनवर बारीक टीप मारणाऱ्या मुलींना हे काम उत्तम जमेल असे आम्हाला वाटते. बाया आपला फोन बाईच्या हाती निर्धास्तपणे देतील, हा फायदा आणखी वेगळा. सराव मात्र बंद पडलेल्या फोनावर करावा, बॅटरी काढून, खिडकीपाशी बसून. डाखाचा धूर छातीला चांगला नाही आणि शिशाचा हात न धुता भाकरीला लावू नये. लेकरांना दूर ठेवावे.

सरावाला फोन कुठून आणायचे? जवळजवळ प्रत्येक घरात फळीवर, डब्यात, पेटीत एखादा मेलेला फोन पडून असतो. त्याचा पडदा गेलेला असतो, पण जॅक ठणठणीत असू शकतो. त्याच जातीच्या दुसऱ्या फोनला तो बसतो, आणि जुन्या फोनांचे सुटे भाग बाजारात मिळेनासे झाले की कारागीर असेच मेलेले फोन धुंडाळतात. म्हणून तो भंगारवाल्याला किलोने घालण्यापूर्वी एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवावा. फुगलेली बॅटरी असेल तर ती वेगळी काढावी. तिला टोचू नये, चुलीत टाकू नये, लेकरांच्या हाती देऊ नये.